इ. ४ थी

रोहा, सो. ता. ६ नोव्हें. ७८

पेणहून शाळेचं पत्र आलं. येत्या जानेवारीत शाळेला पन्नास वर्षं होतात, त्यानिमित्त स्मरणिका काढणार आहेत. ‘आपण छत्तीस वर्षे शाळेचे कारकून होतात, तरी माजी विद्यार्थ्यांविषयी चार शब्द लिहून पाठवावेत’, असं नवीन हेडमास्तर लिहितात. चार शब्द! छत्तीस वर्षांत मी यांच्या शाळेचे हजारो दाखले लिहिले, एकावर खाडाखोड नाही. निरोपसमारंभात हेच बोलून शाल दिली होती, एप्रिलमध्येच. आता चार शब्द.

आणि ‘विद्यार्थी’ कोणाला म्हणतात हे? पत्रासोबत छापील कागद आहे, त्यात बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळे विद्यार्थी. चड्डीची नाडी बांधता येत नाही तोही विद्यार्थी आणि मिशी फुटलेला तोही विद्यार्थी. एक काठी, सगळी गुरं. आमच्या वेळी प्रत्येक पायरीला आपला शब्द होता, आणि शब्द ऐकला की माणूस किती शिकलाय ते कळायचं.

ठरलं. आठवणी नाही लिहायच्या. शब्दच लिहायचे.

गिरजेला सांगितलं. ती वाल सोलत होती. म्हणाली, “लिहा, पण पुरतं लिहा. तुमचं अर्धं लिहून अर्धं पोटात.” तिला ते जुनं पोस्टकार्ड अजून विसरता येत नाही. पेणहून मी लिहिलं होतं, ‘पा. ये. ता. ९’. म्हणजे पाहुणे येणार. हिने वाचलं पाऊस येणार, आणि सरपण झाकून ठेवलं. पाहुणे आले तेव्हा सरपण कोरडं आणि चूल गार. तीस वर्षं झाली या गोष्टीला, पण माहेरची माणसं आली की अजून सांगते.

कारकुनाचं लिहिणं आहे ते. ज्याला कळायचं त्याला कळतं.

गु. ता. ९

लेख चालू केला. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण स्मरणिकावाले कात्री लावतील.

घरी असतो तोवर पोर. पाटी घेऊन मास्तरांसमोर बसला की बिगरीतला. त्याला अजून पहिलीसुद्धा म्हणायचं नाही. मग मराठी पहिली ते चौथी, हा शाळकरी. चौथीनंतर दोन वाटा. मराठी शाळेतच सातवीपर्यंत गेला तो ‘फायनलचा’. फायनल पास झाला की मास्तर किंवा तलाठी, गावात मान. दुसरी वाट आमच्या शाळेची. तिथे आकडे पुन्हा एकपासून. इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी, असं सातवीपर्यंत. सातवी म्हणजे मॅट्रिक. मॅट्रिकला बसला तो ‘उमेदवार’. गटांगळी खाल्ली तर ‘नॉनमॅट्रिक’, आणि तेही लोक दारावरच्या पाटीवर लिहायचे.

तेव्हा चौथी दोन. मराठी चौथी म्हणजे मराठी चौथी. इंग्रजी चौथी म्हणजे आजच्या हिशेबाने आठवी. एक शब्द गाळला तर माणसाची चार वर्षं जातात. हे वाक्य मला फार आवडलं. शेवटी टाकीन.

उदाहरण म्हणून कान्हूची गोष्ट घालावी का? सात-आठ वर्षांपूर्वीची. खांबचा हा माणूस, आमच्याच शाळेचा जुना, दाखला घेऊन रोह्याला माझ्या घरी आला. धाटावला कंपनी निघाली होती, तिथे आठवी पास पाहिजे होते. म्हणे, “भाऊसाहेब, मी इंग्रजी चौथी हाय, कंपनीवाले मराठी धरतात. दोन वळी लिवून द्या.” मी चष्मासुद्धा लावला नाही. म्हटलं, इंग्रजी असती तर मी इंग्रजी लिहिलं असतं. माझ्या हातचा दाखला खोटं बोलत नाही, तू बोलतोस. ओटीवरूनच परत पाठवला. शेजारी गोळा झाले होते. तो दाखल्याची घडी करून गेला. पुढे म्हणे गवंड्याच्या हाताखाली लागला.

घालतो. शब्द चोख असला की लबाडी चालत नाही, हे नव्या पोरांना कळू दे.

श. ता. ११

आज एक भलतंच.

दु. जेवून पडलो होतो, तर दारात बाई उभी. छत्री, पायात चिखलाच्या चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. “भाऊसाहेब, वळखलात काय? मी ठमा. गुणाजी शिपायाची.”

आमच्या शाळेचा गुणाजी! घंटा त्याची, पाण्याचे माठ त्याचे. खाडीकाठचा माणूस, पण पोरीला शिकवायचं वेड. हेडमास्तरांच्या पाया पडून त्याने ठमीला शाळेत घातलं. चाळीस मुलांत ही एकटी परकरातली, भिंतीशी वेगळ्या पाटावर बसायची. चौथी इंग्रजी पास झाली आणि सेहेचाळीस साली लग्न झालं, कासूच्या पलीकडच्या वाडीत. गुणाजी रडला होता. लग्नासाठी नाही, शाळा सुटली म्हणून.

आता ती सेहेचाळीस वर्षांची आहे. अकरा वर्षं वाडीत बालवाडी चालवते. बाया मिठागरावर जातात, त्यांची पोरं हिच्याकडे. आता जिल्ह्याच्या योजनेत बालवाड्या घेणार, बाईला रीतसर नेमणूक. अट सातवी पास. हिने दाखला अलिबागच्या ऑफिसात दिला. तिथून उत्तर आलं, शिक्षण इयत्ता चौथी, सबब अपात्र. जागा सरपंच काळुरामच्या सुनेला मिळणार, ती सातवी आहे.

“जागा ग्येली तर ग्येली,” ठमा म्हणाली. गिरजेने पाणी दिलं. “वाडीत मना इंग्लिश ठमा बोलतात, वहिनी. तीस वरसं. कोनाला तार आली, कोनाला कोडताचा कागद आला, माझ्याकडं आनतात. आता पानवठ्यावर बाया हसतात. बोलतात, इंग्लिश कसली गो, निस्ती चौथी! बापानं थापा मारल्या नि हिनं पचवल्या. माझी सून पन आयकून गप ऱ्हाते.”

मी म्हटलं, दाखल्यावर इंग्रजी लिहिलेलं असणारच.

“नाय ना भाऊसाहेब. निस्तं चौथी हाय.”

“तुला नीट वाचता आलं नसेल.”

हे बोललो खरं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “असंल.”

दाखला ऑफिसातच अडकलाय, नाहीतर आत्ता तिला बोट ठेवून दाखवला असता.

र. ता. १२

सगळा दिवस डोकं तापलेलं. अलिबागला दोन पानी पत्र लिहून टाकलं. आपल्या खात्यात वाचता येणारा इसम आहे किंवा कसे, इथपासून सुरुवात केली. सदर शाळेत त्या काळी इंग्रजी इयत्ताच होत्या, मराठी चौथी नव्हतीच, हे लिहिलं. इंग्रजी हा शब्द गाळून वाचणाऱ्या कारकुनाची चौकशी व्हावी, असंही लिहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसलं काम आहे यांचं.

गिरजा म्हणाली, “त्या बिचाऱ्याची नोकरी घालवाल.” जाऊ दे. कारकून म्हणून बसायचं तर डोळे उघडे पाहिजेत.

लेखात ठमाचीही गोष्ट घालणार. हल्लीच्या कारकुनांचा नमुना.

बु. ता. २२

दहा दिवसांनी उत्तर. सरकारी थंडपणा असा की वाचताना शहारा यावा. ‘दाखल्यात इंग्रजी असा शब्द आढळत नाही. शाळेत हल्ली प्राथमिक वर्गही आहेत, त्यामुळे सदर चौथी कोणती याचा बोध होत नाही. ता. ३० पूर्वी मूळ रजिस्टरचा उतारा व आवश्यक तो खुलासा सादर केल्यास विचार होईल, अन्यथा पुढील उमेदवारास नेमणूक.’

आढळत नाही म्हणे! परवा शु. पेणला जातो. रजिस्टर माझ्या हातचं आहे. त्याची नक्कल त्यांच्या टेबलावर आपटतो.

ठमाला कार्ड टाकलं: ‘शु. पेण. काळजी न.’

पेण, शु. ता. २४

हे एस.टी. स्टँडवर बसून लिहितोय. गाडीला अवकाश आहे.

स. ११ ला शाळेत पोचलो. माझ्या खुर्चीवर आता जगन आहे. चांगला मुलगा, उठून उभा राहिला, चहा मागवला. जुनी रजिस्टरं वरच्या फळीवर लाल कापडात. मीच बांधलेली, माझीच गाठ. सेहेचाळीस सालचं काढलं. अक्षर बघून जगन म्हणाला, “काय वळण आहे भाऊसाहेब, मोती!” मीही खूश होऊन पान उलटलं.

ठमी गुणाजी. जन्मतारीख, गाव, जात, शाळा सोडल्याचं कारण ‘विवाह’. आणि इयत्तेच्या रकान्यात, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात: इ. ४ थी.

इ.

मी चष्मा पुसला. वरचं नाव पाहिलं, इ. ६ वी. खालचं, इ. ३ री. पान उलटलं. मागची पानं, पुढची पानं. सगळीकडे इ. मला तर इंग्रजीच म्हणायचं होतं! शाळाच इंग्रजी, तिथे दुसरं काय लिहिणार? लढाईचे दिवस, कागद मिळत नव्हता, शाई पाणी घालून वाढवायचो, जुने हेडमास्तर म्हणायचे थोडक्यात लिहा. ज्याला कळायचं त्याला कळत होतं.

जगन हळूच म्हणाला, “आम्ही इ. म्हणजे इयत्ताच धरतो, भाऊसाहेब. मागे दोघातिघांना मी तसेच उतारे दिले.” त्याचं काय चुकलं? मीही आज अनोळखी नजरेने वाचलं असतं तर इयत्ताच वाचलं असतं.

मग त्याच पानावर, ठमाच्या खाली चार ओळी सोडून दिसलं. कान्हू केरू, मु. खांब. इ. ४ थी.

त्याने दाखला माझ्यापुढे धरला होता. मी चष्मा लावला नव्हता, साल पाहिलं नव्हतं.

गाडी लागली वाटतं.

श. ता. २५

काल रोह्याला पोचलो. गिरजेने विचारलं, सापडलं का? म्हटलं, सापडलं. ती वाट बघत उभी राहिली. मी आत गेलो.

इथे तरी खरं लिहावं. मन पळवाटा शोधतंय. त्या वेळच्या फीबुकात ‘इंग्लिश फोर्थ’ लिहिलेलं असायचं, जुन्या हेडमास्तरांच्या हातचं. त्याचा उतारा जगनकडून पाठवला तर भागेल. माझा खुलासा लागणार नाही. ठमाचं काम होईल, आणि कोणी विचारणार नाही की दाखला कोणी लिहिला. शाल अंगावर राहील. लेखही राहील.

पण काल निघताना जगनने सांगितलं, फीबुकं वाळवीने खाल्ली, मागेच जाळली. म्हणजे पळवाट नाही. असती तर मी गेलोच असतो, हेही लिहून ठेवतो.

आणि त्या अलिबागच्या कारकुनाची चौकशी मागितली मी. हात दाखवून अवलक्षण.

गिरजेला आज रात्री जेवताना सांगितलं. वाटलं, पाहुणे-पाऊस काढील. तिने काढलं नाही. भात वाढला आणि म्हणाली, “त्या बाईला आधी सांगा. ऑफिसला मागून.” तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सो. ता. २७

कासूला उतरून चालत वाडीवर गेलो. बांधावरून वाट, एका बाजूला भात कापलेली खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडी. समाजमंदिरात बालवाडी भरली होती. तीसेक पोरं मांडी घालून, ठमा मध्ये. मला बघून ती उठली, पोरांना म्हणाली, “भाऊसाहेब आले, नमस्ते बोला.” पोरं ओरडली.

भिंतीवर तिने खडूने अक्षरं काढली होती. ‘इ’ खाली इमारत. तिकडे बघायचं मी टाळत होतो.

म्हटलं, ठमा, तू बरोबर वाचलं होतंस. दाखल्यावर इंग्रजी नाही. मी इ. लिहिलं होतं. चूक माझी आहे, ऑफिसची नाही, आणि तुझी तर नाहीच.

मला वाटलं रडेल, नाहीतर रागावेल. ती म्हणाली, “मना ठावं हाय.”

“काय ठावं हाय?”

“इ. लिवलेला. तुमी दाखला दिला त्या दिवशी मी वाचला ना. बाबा बाजूला हुभा व्हता. मी तुमाला इचारला, भाऊसाहेब, ह्ये इ म्हंजी काय? इंग्रजी पुरता लिवा ना. तर तुमी बोललात, शिकलेल्या मानसाला कळतं, तू जा.” ती पोरांच्या पाट्या गोळा करत बोलत होती. “बाबा मना बोलला, गप गो, भाऊसाहेबांना जास्ती कळतं. मंग मी गप.”

मला हे आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. चौदा वर्षांची पोर टेबलाशी उभी आहे, मी मान वर न करता टिपकागद फिरवतोय, हे दिसतं. पण ते आठवतंय की मी आत्ता रचतोय, सांगता येत नाही.

“मग त्या दिवशी रोह्याला माझ्या घरी का नाही बोललीस? मी तुला वाचता येत नाही म्हणालो तेव्हा?”

“वहिनी समोर व्हती ना,” ती म्हणाली.

बुधवार, तारीख २९ नोव्हेंबर १९७८

अलिबागला जाऊन आलो. खुलासा काल पेणला शाळेत बसून लिहिला, हेडमास्तरांनी त्यावर सही-शिक्का दिला. त्यात मी लिहिलं: ‘सन १९४२ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे इंग्रजी इयत्ता होत्या तोवर, या शाळेचे सर्व दाखले मी लिहिले. त्यांत इयत्तेच्या रकान्यात जेथे जेथे इ. असे अक्षर आहे, तेथे तेथे इंग्रजी असे वाचावे. पूर्ण शब्द न लिहिणे ही माझी चूक आहे. दाखला घेणाऱ्या विद्यार्थिनीने ती त्याच दिवशी माझ्या निदर्शनास आणली होती.’

शेवटचं वाक्य हेडमास्तर गाळा म्हणत होते. “कशाला भाऊसाहेब? गरज नाही त्याची.” मी म्हटलं, गाळून गाळूनच हे झालंय.

ऑफिसातला तो कारकून पंचविशीचा, बारीक. माझं बारा तारखेचं पत्र त्याच्या फायलीत वरच लावलेलं होतं. मी म्हटलं, ते परत घेतो, तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत. त्याने खुर्ची दिली. खुलासा त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, “अशा अजून केसेस असतील, आजोबा.” मी म्हटलं, आहेत.

गुरुवार, तारीख ७ डिसेंबर १९७८

ठमाचं कार्ड आलं. नेमणूक मिळाली. कार्ड नीट, ठसठशीत अक्षरात, एकही शब्द तोडलेला नाही. शेवटी ‘आपली विद्यार्थिनी, ठमाबाई, इंग्रजी चौथी’ असं लिहिलंय. टोचायला लिहिलंय की मायेने, मला कळत नाही. गिरजेला विचारलं, तर म्हणाली, “दोन्ही.”

स्मरणिकेचा लेख फाडला. जगनला लिहिलं की त्या सात वर्षांतल्या सगळ्या नावांची यादी कर, मी दर आठवड्याला येऊन खुलासे लिहितो. कितीजण मेले असतील, कितीजण कुठे गेले असतील. लेखासाठी एक वाक्य सुचलं होतं, एक शब्द गाळला तर माणसाची चार वर्षं जातात. चारच?

रविवार, तारीख १० डिसेंबर १९७८

खांबला गेलो. कान्हूचं घर हायवेच्या आत, नवीन विटांचा ढीग दारात, दुसऱ्या कोणाच्या तरी घरासाठी. तो ओटीवर बसला होता. हाताची बोटं सिमेंटने खाल्लेली. मला त्याने ओळखलं, बसा म्हणाला नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ओटीवरचं बोलणंही सांगितलं, शेजाऱ्यांसमोर मी जे बोललो ते. म्हटलं, तू खरं बोलत होतास.

“आता कागद काय करू, भाऊसाहेब?” तो म्हणाला. “कंपनी घेनार हाय मना? पन्नास झाली.”

मी खुलाशाचा कागद पुढे केला. त्याने हात पुसले, पण कागद घेतला नाही.

“वाचा तुमीच.”

मी चष्मा लावला आणि वाचलं. कान्हू केरू, राहणार खांब, सन १९४६ मध्ये इंग्रजी चौथी उत्तीर्ण.

त्याने घराकडे मान वळवली. मग म्हणाला, “परत एकदा वाचा. जरा मोठ्यानं. सून मागल्या दारी हाय.”

मी पुन्हा वाचलं.